जुन्या लुगड्याची ऊब, पोताऱ्याची शोभा



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. घराच्या भिंती, दाराचे पडदे आणि अंगावरचे पांघरूण. ऊस विकास अधिकाऱ्याने सुईदोऱ्याच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आमच्या घरातूनही तीच हरकत आली. परंतु हिवरा आश्रम गटात फिरताना गेल्या दोन-तीन हंगामांत जे पाहिले, त्याचा उसाशी संबंध आहे, पैशाशी आहे, आणि माणसाशी तर आहेच. म्हणून हा लेखप्रपंच.

रंगात गेलेली लागण

आमच्या गटातले एक सभासद आहेत. नाव सांगत नाही. माणूस सज्जन, कष्टाळू, कारखान्याला ऊस घालण्यात कधी कुचराई न करणारा. घर वडिलोपार्जित, धाब्याचे, मातीच्या रुंद भिंतींचे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते. घर जुनाट दिसते, पाहुणे काय म्हणतील, या विचाराने त्यांनी दिवाळीच्या आधी समोरच्या दोन खोल्यांना बाजारचा तेलरंग दिला. दाराखिडक्यांना तयार पडदे, खाटेवर नवी चादर, भिंतीवर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ. सगळे झाले झकास.

आता दिवाळी कोणत्या दिवसांत येते ते बघा. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर हा पूर्वहंगामी उसाच्या लागणीचा काळ. एकरी दोन डोळ्यांची सुमारे १०,००० टिपरी लागतात. बेणेमळ्यातले १० ते ११ महिन्यांचे, रसरशीत बेणे आणायचे तर पैसा हातात हवा. आमच्या या सभासदांचा तो पैसा भिंतीवर गेला होता. मग त्यांनी घरच्याच जुन्या खोडव्याचे बेणे वापरले, तेही महिनाभर उशिरा. उगवण विरळ झाली. नांग्या भरता भरता बाई थकून गेल्या. वर्षाच्या शेवटी वजनकाट्यावर जे व्हायचे ते झाले.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीनेही दगा दिला. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला श्वास घ्यायला जागा लागते. तेलरंगाने ती वाट बंद केली. आतली ओल बाहेर येऊ पाहते, रंग तिला अडवतो, आणि मग पोपडे सुटतात. श्रावणात आम्ही गेलो तेव्हा भिंतीला खरूज झाल्यासारखी दिसत होती. बाई चहा देताना म्हणाल्या, "साहेब, माह्या सासूच्या हातचा पोतारा बरा व्हता. दर दसऱ्याले एक हात मारला का वर्सभर पाहाले नोको."

सभासदांना आम्ही काही बोललो नाही. मुलीचा बाप आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर घर नीट दिसावे असे त्याला वाटणारच. घर सजवू नका, असे सांगायला आम्ही हे लिहीत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण अंथरूणही आपल्या हाताने शिवता येते आणि शोभिवंत करता येते, एवढेच सांगायचे आहे.

पोताऱ्याची रीत

ज्यांच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या आहेत, त्यांना चुन्याच्या पोताऱ्यासारखा दुसरा रंग नाही. तो भिंतीची ओल कोंडत नाही, खोलीत उजेड वाढवतो, कोनाड्यातल्या किडामुंगीला फार थारा देत नाही आणि खर्च तेलरंगाच्या मानाने किरकोळ येतो. आमच्या सभासदांच्या घरी यंदा दसऱ्याला जो पोतारा झाला, त्याचे माप खाली देत आहोत.

१. प्रथम भिंत खरवडून घ्यावी. सुटलेले पोपडे, जुने खिळे, कोळ्यांची जाळी काढावी. भेगा आणि उंदरांची बिळे माती, शेण आणि गव्हाचे भुसकट यांच्या गाऱ्याने बुजवून चांगली वाळू द्यावीत. ओल्या गाऱ्यावर पोतारा धरत नाही.

२. कळीचा चुना एक किलो असेल तर पाणी पाच लिटर, या हिशेबाने चुना भिजवावा. १० किलो चुन्यात दोन खोल्यांचे काम निघते. भिजवताना चुना उकळ्या मारतो आणि पाणी उसळते, म्हणून लोखंडी पिंपात किंवा जमिनीतल्या खड्ड्यात भिजवावा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही. मुलाबाळांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. निदान एक दिवस-रात्र तो मुरू द्यावा.

३. मुरलेली निवळी जाड फडक्यातून गाळून घ्यावी. दर १० लिटरला ४० ग्रॅम बाभळीचा डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. डिंकामुळे चुना हाताला, कपड्याला लागत नाही. बांधावरच्या बाभळीचा डिंक चालतो, विकत आणण्याची गरज नाही. पांढरेपणा खुलावा म्हणून किलोमागे फार तर तीन ग्रॅम नीळ. जास्त घातली तर घर धोब्याच्या दुकानासारखे दिसते.

४. भिंतीवर आधी पाण्याचा हलका शिपका मारावा. मग घायपाताचा, म्हणजे आपल्याकडच्या केकताडाचा, कुंचा ठेचून घ्यावा आणि पातळ हात द्यावा. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. नव्या भिंतीला तीन हात, जुनीला दोन पुरेत. एकच जाड हात दिला तर तो सुटून येतो.

५. खाली जमिनीपासून हातभर उंचीचा गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढावा. सारवताना उडालेले शिंतोडे त्यावर दिसत नाहीत. पट्ट्याच्या वरच्या कडेला घरातल्या मुलींना बोटाने चुन्याची वेल, कोयरी, स्वस्तिक काढू द्यावे. त्यांच्या हाताची रेघ वाकडी आली तरी ती आपल्या घराची असते.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पोतारा देताना डोक्याला फडके बांधावे, डोळ्यांना चष्मा असला तर उत्तम.

कोपीतली सजावट

आता दुसरी हकीकत. गेल्या हंगामात डिसेंबर महिन्यात तोडणी कार्यक्रम बघायला आम्ही संध्याकाळी एका फडावर गेलो होतो. थंडी चांगलीच पडली होती. तोडणी टोळीच्या कोप्या बांधावर ओळीने उभ्या होत्या; बांबूचे कमान-मेढे, वर पाचट आणि ताडपत्री. टोळीचा मुकादम भेटेना म्हणून आम्ही एका कोपीच्या दाराशी थांबलो.

आत कंदिलाच्या उजेडात जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. दाराला जुन्या पातळाचा पडदा, त्याचे जरीचे काठ खालच्या बाजूला घेतलेले. पडद्याच्या कड्या म्हणून जुन्या बांगड्या. चुलीपासून लांबच्या बाजूला खताच्या गोण्या उसवून, धुऊन शिवलेली भिंत, आणि त्या भिंतीला तीन खिसे: एकात फणी-आरसा, एकात मुलाची पाटी-पुस्तके, एकात औषधाची पुडी. वर फुटक्या बांगड्यांचे तोरण. जमीन सारवलेली. आणि कोपऱ्यात दोन मुले एका गोधडीखाली झोपलेली.

आम्ही सहज म्हणालो, "मावशी, चार महिन्यांच्या घराला एवढी सजावट?"

त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "साहेब, पोरायले कुठं माहीत हाय, का हे घर चार महिन्याचंच हाय?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. सजावट म्हणजे पैशाचे प्रदर्शन, असे आम्हीही मानत आलो होतो. त्या बाईंनी चार शब्दांत सांगितले की सजावट म्हणजे आपल्या लेकरांना दिलेला भरवसा.

गोधडीकडे बघून आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "माह्या मायचे लुगडे हायेत हे. माय गेली, पण थंडीत पोरायच्या अंगावर तिचा हात ऱ्हायते."

घरी परतताना मोटारसायकलवर आम्हांला आमच्या आईची गोधडी आठवली. हिरव्या इरकली लुगड्याची, मध्ये तांबडा चौकोन. शेवटचा कोपरा बंद करण्यापूर्वी आई त्यात कणभर हळद-कुंकू आणि भाकरीचा लहानसा तुकडा ठेवी. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहील, असे म्हणे. आई गेल्यावर दोन वर्षांनी आमच्या दारावर बोहारीण आली. घरात नव्या मऊ ब्लँकेटांची चवड होती. जुने ओझे कशाला, म्हणून आम्हीच ती गोधडी काढून दिली आणि बदल्यात स्टीलची बादली घेतली. बादली आजही आहे. पाणी तापवायला बरी पडते. पण त्या रात्री ती बादली बघवेना.

सभासद बंधूंनो, आम्ही तुम्हांला गावोगाव सांगत फिरतो की पाचट जाळू नका. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघते आणि ते शेतातच कुजवले तर जमिनीला ४० ते ५० किलो नत्र मिळते. काडी लावली की सगळे धुरात जाते. शेतात टाकाऊचे मोल जाणणारे आम्ही, घरात मात्र काडी लावून मोकळे झालो होतो.

गोधडी: कापडाचा हिशेब आणि टाका

आमच्या वऱ्हाडात गोधडी, वाकळ, कुणी वाकय म्हणतात. जिच्या घरी आजी आहे तिला ही कृती सांगायची गरज नाही. पण नव्या सुनांनी आणि शाळा-कॉलेजातल्या मुलींनी विचारले म्हणून लिहितो. सगळी माहिती गटातल्या जाणत्या बायांकडून घेतलेली आहे.

कापड: सहावारी सुती पातळ साधारण १८ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. त्याचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सहा फुटांचा. म्हणजे एका पातळात एका माणसाच्या गोधडीचे तीन थर. दोन पातळांत सहा थर: एक वरचा, एक खालचा, चार मधले. चांगले, काठापदराचे तुकडे वर-खाली घ्यावेत. विरलेले, डाग पडलेले तुकडे, जुनी धोतरे, उसवलेले सदरे मधल्या थरांत घालावेत. नऊवारी लुगडे असेल तर त्याचे चार तुकडे निघतात आणि गोधडी थोडी लांब होते.

कापड सुतीच हवे. नायलॉन-पॉलिस्टरची साडी आत घातली तर ती घाम शोषत नाही, थर सरकतात, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ज्या घरात चूल आहे तिथे हे फार जपावे.

तयारी: सगळे कापड उकळत्या पाण्यात भिजवून, धुऊन, कडक उन्हात वाळवावे. त्याने ढेकूण-उवांची अंडी मरतात, आणि कापड जे आटायचे ते आधीच आटते. नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आक्रसून वाकडी होते. बटणे, हूक काढून डबीत ठेवावेत. ते वाया जात नाहीत.

मांडणी: सारवलेल्या जमिनीवर चटई, तिच्यावर खालचा थर सुलटी बाजू जमिनीकडे करून पसरावा. चारही कोपऱ्यांवर पाट किंवा धोंडे ठेवावेत. मधले थर एकेक करून हाताने सुरकुत्या काढत पसरावेत. तुकडे जोडताना एकाची कड दुसरीवर बोटभर चढवावी, म्हणजे फटी राहत नाहीत. दोन थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नयेत. विटांच्या बांधकामात सांधे चुकवतात तसेच. वरचा थर शेवटी. मग मोठ्या अंतराच्या कच्च्या टाक्याने सगळे थर एकत्र बांधून घ्यावेत.

टाका: साधा धावदोरा. मोठी सुई, सुती दोरा दुहेरी, मेणावरून ओढून घेतलेला. मेणाने दोरा गुंतत नाही आणि टिकतो. कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर यावे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर. या हिशेबाने एका गोधडीला साठेक मीटर टाका पडतो. दुहेरी दोरा सव्वाशे मीटर धरावा. टाका फार ओढू नये, कापड चुरगळते. ढिला ठेवू नये, पायाचे बोट अडकते. शेवटी चारही कडांना काठाची पट्टी दुमडून शिवावी. गोधडी आधी फाटते ती कडेलाच.

ज्यांच्याकडे शिवणयंत्र आहे त्यांनी कडा आणि वरच्या थराचे चौकोन यंत्रावर जोडावेत. सहा थर मात्र घरगुती यंत्राला झेपत नाहीत, सुई मोडते. ते काम हातानेच.

दुपारचे दोन-दोन तास दोघी बसल्या तर पंधरा-वीस दिवसांत गोधडी होते. लहान बाळाचे दुपटे चार दिवसांत. दुपट्याला तीन थर पुरेत. तान्ह्या मुलाच्या तोंडावर पांघरूण येणार नाही एवढे बघावे.

पोत्यांचे काय करावे?

साखर कारखान्याच्या सभासदाला पोत्यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. तागाच्या पोत्यांसाठी केंद्र सरकारने १९८७ साली कायदा केला आणि त्याखाली साखरेचा २० टक्के भाग तागाच्या पोत्यांत भरण्याचे बंधन आहे. बाकी सगळे प्लॅस्टिकच्या विणीत गेले. तेव्हा घरात तागाचे बारदान आले तर त्याची किंमत ओळखा.

पोत्याचे तोंड सुरीने कापू नका. ते यंत्राने साखळी-टाक्यात शिवलेले असते. एका बाजूच्या टोकाची गाठ सोडून योग्य दोरा ओढला की सगळी शिवण सरसर उसवते आणि हातभर नव्हे, चांगला लांब अखंड दोरा मिळतो. एका टोकाने जमले नाही तर दुसऱ्या टोकाने करून बघा. हा दोरा पायपुसण्याला, पिशवीला कामी येतो.

तागाचे पोते उसवून, झटकून, धुऊन घ्यावे. दुहेरी घडी घालून दाभणाने कडा शिवाव्यात आणि वर जुन्या लोकरीने मोठ्या फुलीच्या टाक्यात नक्षी काढावी. पायपुसणे तयार. चौपदरी केले तर बसायला आसन. उभ्या पट्टीवर कापडाचे खिसे शिवले तर भिंतीवर टांगायचा बटवा: पासबुक, उसाच्या वजनाच्या पावत्या, नोंदीचे कागद एके ठिकाणी राहतात. आमची सभासदांना खास विनंती आहे की हा बटवा तरी प्रत्येक घरात व्हावाच. पावती हरवली म्हणून गट कार्यालयात येणाऱ्यांची संख्या त्याने निम्मी होईल.

खताच्या गोण्यांविषयी मात्र सावधगिरी हवी. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. युरिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे गोणी तीन पाण्यांत स्वच्छ होते. पण ते धुण्याचे पाणी गुरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीजवळ सांडू नये. युरियाचे पाणी प्यायल्याने जनावर दगावते. ते पाणी लांब बांधावरच्या झाडांना घालावे. धुतलेल्या गोण्यांचे वाळवणाचे अंथरूण, न्हाणीचा आडोसा, गोधडीखालची ओल अडवणारी पट्टी होते. त्यात खाण्याचे धान्य मात्र भरू नये. उन्हात ही विण एका हंगामात जिरते आणि तिचे पापुद्रे शेतात उडतात. तसे दिसताच ती काढून टाकावी. चुलीजवळ तिचा वापर अजिबात नको. आणि कीटकनाशकाची पिशवी-डबा तर घरात आणूच नये, कितीही धुतला तरी.

रुखवत भाड्याने मिळते, पण…

लग्नाच्या रुखवतात मुलीच्या हातचे तोरण, दोसुतीवरचा रुमाल, मण्यांची घोडी, लोकरीचा पोपट मांडण्याची आपली पद्धत. आता रुखवत भाड्याने मिळते. सकाळी मांडतात, संध्याकाळी गाडीत घालून पुढच्या लग्नाला नेतात. त्यात कुणाचा दोष नाही. मुली शिकतात, त्यांना वेळ नाही. पण सासरी गेल्यावर त्या भाड्याच्या रुखवतातले काय बरोबर येते? आईने आणि मुलीने मिळून शिवलेली एक गोधडी आणि एक दाराचे तोरण, एवढे जरी दिले तरी ते पुढच्या पिढीला पुरते.

कुणाला यात कमीपणा वाटत असेल तर दोन उदाहरणे सांगतो. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा, जन्म १८७६, निर्वाण १९५६. अंगावर चिंध्या जोडून केलेला कपडा, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्या चिंध्यांपुढे भले भले वाकले. दुसरे उदाहरण साता समुद्रापलीकडचे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बाया कापसाच्या शेतात राबणाऱ्या; घरातले फाटके सदरे, कामाच्या विजारी जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्या देशाने त्यांची टपाल तिकिटे काढली. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाने हे ऐकून मान ताठ करावी. आपल्या आजीनेही तेच केले होते. आपण बोहारणीला दिले.

गोधडी म्हणजे सहकारच

१९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो लहान लहान शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून. एकट्याच्या पैशाने चाक फिरले नसते. गोधडीचेही तसेच. एक चिंधी कशाच्याच उपयोगाची नाही. साठ चिंध्या टाक्याने बांधल्या की घरभर ऊब.

आणि हिवरा आश्रमच्या माणसांना एकत्र येण्याचे धडे आम्ही काय देणार? शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखावर माणसे पंगतीत बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी वाढायला ट्रॅक्टर लावावे लागतात, आणि हजारो हात एका शिस्तीत राबतात. ज्या गावाला एवढी पंगत उठवता येते, त्याला चार गोधड्या एकत्र बसून शिवणे अवघड नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. यंदाचा गळीत हंगाम तोंडावर आला आहे. थोड्याच दिवसांत टोळ्या येतील, आपल्याच बांधावर कोप्या पडतील. त्यांच्याबरोबर लहान मुले येतील. आपला ऊस तोडायला ज्यांचे आईबाप पहाटेच्या दवात फडात उतरतात, ती मुले कोपीत कुडकुडत झोपतात. दर सभासदाच्या घरातून एक जुने सुती पातळ गट कार्यालयात द्यावे. गटातल्या भगिनींनी दुपारी एकत्र बसून त्यांची दुपटी शिवावीत, आणि मार्गशीर्षाची थंडी पडण्यापूर्वी ती मुलांच्या अंगावर जावीत. हे उपकार म्हणून नव्हे. शेजाऱ्याच्या घरी बाळ आले की आपण दुपटे नेतो, तेवढेच. आणि शिवायला टोळीतल्या बायांनाही बोलवा. टाका त्यांचा आपल्यापेक्षा सरस आहे, हे आम्ही पाहून आलो आहोत.

सुरुवात आमच्या घरून केली आहे. आईचे एक लुगडे ट्रंकेच्या तळाशी निघाले, निळ्या चौकड्यांचे. त्याचे चार तुकडे केले. आईची गोधडी काही परत येणार नाही, हे आम्ही समजून आहोत. पण आमच्या घरातून, ज्यांनी या लेखाला आधी हरकत घेतली होती त्यांनीच, दोन दुपटी पुरी केली असून तिसरे हातात आहे. कोपरा बंद करण्यापूर्वी आत भाकरीचा तुकडा ठेवायला त्या विसरल्या नाहीत.

जाता जाता आमच्या त्या सभासदांविषयी. मुलीचे लग्न त्या वर्षी जमले नाही, पुढच्या वर्षी जमले. पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलेही नाही, असे बाई सांगत होत्या. यंदा दसऱ्याला नवरा-बायकोने मिळून पोतारा दिला, गेरूचा पट्टा ओढला. माहेरपणाला आलेल्या मुलीने त्यावर वेल काढली. बेण्याचे पैसे शाबूत राहिले आणि लागण ऑक्टोबर संपण्यापूर्वी आटोपली. परवा आम्ही सरीत उतरून पाहिले. कोंब चांगले फुटले आहेत, नांग्या अगदी थोड्या आहेत. त्या आठ दिवसांत भरून घ्याव्यात, असे सांगून आलो आहोत.